बाबा रंगपेटी घेऊन येत आहेत

तीर्थस्वरूप मावशीस,

तुझ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून कागदावरच घालतो. गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला गेला, की त्याला घरातच ठेवून घेतलंत? आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे प्रकृतीने. बाकी जे चाललंय ते सांगायलाच हा पत्रप्रपंच. आधी मुद्द्याचं सांगतो, तू खाली बसून घे. रविवारी तुझे भावोजी तुझ्याकडे येतायत, आणि येताना आईची रंगपेटी घेऊन येतायत.

आईची सवय तुला मी काय सांगणार, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. चित्र पूर्ण झालं असं ती कधी म्हणायचीच नाही. नातेवाइकांची चित्रं काढायची, त्यांना देऊन टाकायची, आणि पुढच्या वेळी त्यांच्या घरी गेली की पर्समधून ब्रश काढून, जरा बघू म्हणत, भिंतीपाशी उभी राहायची. कुणाला चष्मा लागला की चित्रात चष्मा, कुणाचं पोट सुटलं की चित्रातल्या शर्टाचं बटण ताणलेलं. (आतेभावाचं लग्न मोडलं तेव्हा चित्रात त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या जागी आईने चहा होईपर्यंतच्या वेळात फ्रिज उभा केला. तो अजून आहे, आणि खरं सांगायचं तर त्याला तोच जास्त शोभतो.) ती काही फार मोठी चित्रकार नव्हती, कान तर तिला शेवटपर्यंत जमले नाहीत. पण आपल्या माणसांना तिने कधी शिळं होऊ दिलं नाही.

ती गेल्यावर बाबा गप्पच झाले. खुर्चीत बसून असायचे, समोर टीव्ही चालू आहे की बंद याच्याशी काही देणंघेणं नाही. आणि मग एका सकाळी मी दात घासत बाहेर येतो, तर बाबा स्टुलावर उभे, हातात आईचा ब्रश, आणि भिंतीवरच्या माझ्या चित्राला टक्कल पाडतायत! आता बाबांनी जन्मभर प्लंबिंग केलं. रंगाशी संबंध आला तो पाइपांना लाल ऑइलपेंट फासण्यापुरता, त्यामुळे हात भलताच सढळ. माझे केस थोडे विरळ झालेत हे मी नाकारत नाही. पण बाबांनी माझं कपाळ जे वर चढवलं, ते पलीकडे उतरवूनच दम घेतला. माझी बायको हसता हसता खाली बसली. मीही रागवायचं विसरलो, कारण बाबा कितीतरी दिवसांनी बोलले. म्हणाले, "हलू नकोस, मागची बाजू बघू दे."

झालं, तिथून त्यांनी सपाटाच लावला. आतोबांना कवळी बसली म्हणून आत्याकडे जाऊन चित्रातही कवळी बसवली. बिचाऱ्या आतोबांना चित्राशेजारी आ वासून बसवून ठेवलं आणि पांढरा रंग लावत सुटले. माणसाच्या दातांना काही मर्यादा असते हे कुणी त्यांना सांगितलंच नसावं. आता चित्रातले आतोबा या कानापासून त्या कानापर्यंत हसतायत, आणि हे दृश्य आत्याने उभ्या संसारात एकदाही पाहिलेलं नाही. आधी ती तणतणली, हा कोण परका पुरुष माझ्या भिंतीवर म्हणून. हल्ली ती त्याच्याशीच जास्त बोलते, अशी आतोबांची तक्रार आहे.

त्यानंतर पाळी आली माझ्या शेटजींची. आईने काढलेलं त्यांचं चित्र आमच्या चष्म्याच्या दुकानात गल्ल्याच्या वर लटकतं, गिऱ्हाइकाने नवा चष्मा लावून मान वर केली की पहिले तेच दिसतात. शेटजींनी मिशी काढली, तेव्हा चित्रातलीही जायला हवी. बाबांनी ठरवलं, रंगाने झाकण्यापेक्षा खरवडलेली बरी (गंजक्या पाइपाला तेच करतात). खरवडता खरवडता कॅनव्हास फाटला आणि शेटजींच्या नाकाखाली भोक पडलं. आता भोक दिसल्यावर प्लंबर स्वस्थ बसेल का? पिशवीतून सांधे बुजवायची करडी पुट्टी काढली आणि दिली थापून. परिणामी शेटजींना पूर्वीपेक्षा दांडगी मिशी आली आहे, बोटभर पुढे आलेली आणि दगडासारखी टणक. गिऱ्हाइकं आधी तिला हात लावून बघतात, मग चष्म्याची किंमत विचारतात. शेटजी माझ्याशी खाणाखुणांनी बोलतात. बाबा मात्र दोन पावलं मागे जाऊन, समाधानाने म्हणाले, "आता गळणार नाही."

आणि आता तुझी पाळी. इथे मात्र माझं हसू आटतं, मावशी. तुझ्या हॉलमधलं ते चित्र, बाकावर बसलेल्या तुम्ही दोघी बहिणी, आईने स्वतःला काढलंय ते फक्त त्या एकात. त्यातही ती दरवर्षी प्रामाणिकपणे स्वतःला सुरकुत्या घालत आली. तिच्या हातचा तिचा चेहरा दुसरा कुठेही नाही. फोटोंमध्ये ती कुणीतरी हस म्हटल्यासारखी हसते, त्या चित्रात ती खरी बसलेली आहे. मला तिची फार आठवण येते गं. त्या चेहऱ्यावर पुट्टी बसली तर मी काय करू? बाबांना नाही म्हणायची माझी छाती होत नाही, ते आत्ता कुठे नीट जेवायला लागलेत. तेव्हा तू ते चित्र माळ्यावर टाक आणि फ्रेम बदलायला दिलंय म्हणून ठोकून दे. थापा मारण्यात तुझा हात कुणी धरू शकत नाही, असं आईच कौतुकाने सांगायची.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार. लहान कुणी उरलं नसल्यामुळे आशीर्वाद शिल्लक ठेवतो.

तुझा,
थोरला भाचा (चित्रात पूर्ण, प्रत्यक्षात अर्धा टकला)

ता. क. बाबा आल्या आल्या स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हणून सांग, त्यात त्यांचा दिवस जाईल. गळत नसेल तर काकांकडून गळता करून घे.

आणखी एक ता. क. वरचं सगळं रद्द. पाकीट चिकटवण्याआधी मला राहवेना, म्हणून बाबांना सरळ विचारलं, त्या चित्रात आईचं काय करणार? ते ब्रश पुसत होते. म्हणाले, "तिचं काय करायचंय? तिला हात लावायचा नाही. ती आता आहे तशीच राहणार. काम तुझ्या मावशीचं आहे. आजारपणात तुझ्या आईला तिकडे जाता आलं नाही. सारखी म्हणायची, धाकटीचं मागे पडलं हो, तेवढं कुणीतरी करा." मावशी, चित्र भिंतीवरच राहू दे, चांगला उजेड पडेल असं. फक्त एवढं कर, रविवारपर्यंत केसांना कलप लावू नकोस. बाबा दिसेल तेच काढतात, आणि त्यांनी पांढऱ्या रंगाची दुकानातली सगळ्यांत मोठी ट्यूब आणली आहे.