अजून जांभळंच?

२४ जानेवारी, शनिवार
रुचिकाने आज चहाच्या वेळी जाहीर केलं. आठ फेब्रुवारीला ट्रॅक डे. तिची ती छोटी गाडी, मागची सीटं, एसी, गालिचा सगळं उपटून साडेसहाशे किलोवर आणलेली, ती रेसच्या ट्रॅकवर पळवणार. हेल्मेट घालून. हेल्मेट कशाला लागतं, हे मी विचारलं नाही.

मी घाबरलो नाही. क्लीनर म्हणून लागून न्हावा शेव्याला स्वतःचे चौदा ट्रेलर उभे केलेत. पोरीच्या खेळण्याला काय घाबरायचं? परवानगी दिली. (तिने मागितली नव्हती.) अट एकच: ब्रेक ऑइल मी निवडणार.

शकू म्हणाली, "तुमचं ट्रेलर हवेच्या ब्रेकवर चालतान. तुमाला ऑइलमधला काय कलतं?" बायकोशी तांत्रिक विषयावर बोलू नये.

२७ जानेवारी, मंगळवार
नदीमच्या गॅरेजात गेलो. रुचिकाच्या गाडीचं सगळं तोच बघतो. मूळचा श्रीवर्धनचा, बारा वर्षं दुबईत गाड्या खोलून आलाय. म्हणाला, "दयारामशेट, गाडी हलकी हाय, ब्रेक कमी तापतो. चांगलं डॉट चार ऑइल टाकू, ताजं, सीलबंद. अल्लाचं नाव घ्या नि निवांत ऱ्हावा."
निवांतच होतो. सहज विचारलं, फार तापलं तर? म्हणाला, ऑइल उकळतं, बुडबुडे होतात, पेडल खाली जातं. मग? "मग भिंत," म्हणाला. हसत.

घरी शकूने चहा उकळत ठेवला होता. बुडबुडे बघितले. चहा घेतला नाही. ॲसिडिटी.

२८ जानेवारी, बुधवार
वाचन केलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी शिरलेलं ऑइल लवकर उकळतं. म्हणजे मिठाचीच जात! आता माझ्यापुढे कुणी बोलू नये. मिठागरावर जन्मलोय मी. बाबांच्या मिठाच्या राशी पेंढ्याने झाकत मोठा झालो. ओल मला शिकवू नका.

डॉट चारची बाटली आणली आणि तांदळाच्या डब्यात खुपसली, कोरडी राहावी म्हणून. ओल लागली का ते बघायला दर दोन तासांनी झाकण उघडून वास घेतो.

संध्याकाळी शकू ओरडली, "तांदलाच्या डब्यान त्याल कुनी ठेवलाय?" बाटली बाहेर. संशोधनाला घरातून पाठिंबा नाही.

३० जानेवारी, शुक्रवार
सापडलं! डॉट पाच. सिलिकॉनचं. पाणी ओढतच नाही! पाच हे चारपेक्षा मोठं असतं, हे सांगायला नदीम लागत नाही. रंगही वेगळा, जांभळा. खास वस्तू वाटते.

सकाळी पावणेसहाला बॉनेट उघडलं, सिरिंजने ब्रेक ऑइलच्या डबीतलं जुनं ऑइल ओढून घेतलं आणि हे भरलं. कुणाला बोललो नाही. चांगलं काम गाजावाजा न करता करावं. तीन दिवसांनी चहा प्यालो.

१ फेब्रुवारी, रविवार
माझे कान फार तिखट. ट्रेलर गेटमध्ये वळला की कुठल्या चाकाचं बेअरिंग गेलंय ते ऑफिसात बसून सांगतो. त्याच कानांनी आज नदीमच्या दारात ऐकलं. आत तो अल्पेश म्हणून एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "चारमध्ये पाच कधी नाय टाकायचं. दोघांचं जमत नाय. पेडलचा भरवसा ऱ्हात नाय."

आत गेलो नाही. गाडी तिथूनच वळवली. पाइपांत जुनं चार. वर डबीत माझं पाच.

निश्चय: रुचिकाला आजच सांगायचं.

संध्याकाळी ७. ती आनंदात होती. कशाला विरजण घाला. उद्या.

२ फेब्रुवारी, सोमवार
सांगणारच होतो. तिनेच विचारलं, "पप्पा, काय झालंय?" काही नाही म्हणालो. पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही. आता एकदम काही आहे म्हणणं बरं दिसलं नसतं.

नवा विचार. सांगण्यापेक्षा थांबवणं सोपं. गाडीची चावी तांदळाच्या डब्यात, तळाशी.

३ फेब्रुवारी, मंगळवार
शकूने तांदूळ काढले. चावी निघाली. पुसून रुचिकाच्या हातात दिली आणि माझ्याकडे बघितलं. मी जेवत होतो. जेवत राहिलो.

४ फेब्रुवारी, बुधवार
नदीमचा फोन. "शेट, पेडल दाबायला या. ब्रेकच्या पाइपातली हवा काढायचीय, माणूस नाय." गेलो. नदीम खाली चाकाशी, मी आत. "दाबा. धरा! सोडा." पन्नास वेळा. पाय भरून आला. सवय नाही. दर वेळी वाटलं, आता सांगू. तोंड उघडलं की तो ओरडायचा, "धरा!" धरलं.

रुचिका त्याच्याजवळ उकिडवी बसली होती. हळूच म्हणाली, "अजून जांभळंच?" नदीम म्हणाला, "नाय आता. पिवळं."

एवढं कुजबुजलेलंही मला ऐकू येतं. पण फेब्रुवारीत जांभळं? दुबईहून आली असतील. पिवळं म्हणजे केळं असावं. मला एकदाही विचारलं नाही, खाणार का म्हणून.

७ फेब्रुवारी, शनिवार
गाडी आपल्याच ट्रेलरवर चढवली. उद्या. दोन दिवस जेवण जात नाही.

रुचिकाला म्हणालो, नको जाऊस. म्हणाली, "भीती वाटते?" कुणाला, मला? म्हणाली, "मग कारण सांगा, नाही जात."

कारण होतं. म्हणालो, "ऊन फार असतं गं."

८ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ४
तिने हेल्मेट घातलं, पट्टे आवळले, रांगेत लागली. पुढे दोन गाड्या. मग एक. मग फक्त झेंडेवाला.

मी धावलो. दोन्ही हात बॉनेटवर ठेवून आडवा उभा राहिलो. "थांब! ब्रेकमध्ये मी पाच घातलंय! तुला न सांगता! मी घातलंय, मी!" सगळ्या रांगेने ऐकलं.

तिने हेल्मेटची काच वर केली. "पप्पा, ते बुधवारीच काढलं. नदीमभाईंनी डबी उघडली तर वर जांभळं तरंगत होतं. सगळं धुऊन चार भरलं. पेडल तुम्हीच दाबत होता ना?"

म्हणजे केळं नव्हतं.

मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, "तुम्ही सांगायची वाट बघत होतो. नदीमभाई म्हणाले, गुरुवारी सांगतील. मी म्हटलं, शनिवारी. आई म्हणाली, पार गेटवर सांगतील, हेल्मेट घातल्यावर." मग हसली. डोळे जरा ओले वाटले, पण हेल्मेटमध्ये नीट दिसत नाही. "हात काढा आता. मागे लोक थांबलेत."

काढले.

सात फेऱ्या. प्रत्येक वळणाआधी तिने ब्रेक मारला की मला इथे ऐकू आलं, आणि माझा उजवा पाय जमिनीत रुतला. सातही फेऱ्यांत गाडी नीट वळली.

शकूने थर्मासमधला चहा पुढे केला. म्हणाली, "उकललेला हाय. चालल?" प्यालो.

ब्रेकची हवा बुधवारी मीच काढली, पाय दाबून दाबून. माझी आज निघाली. दाबावंही लागलं नाही.