चार मांजरांची पंगत

८ जानेवारी, गुरुवार
अक्काला हातकणंगल्याहून घेऊन आले. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या काखेत तिची मांजरी टिकली, पायाशी आंब्याच्या पेटीत बोका गुळव्या. गुळव्या सगळ्या वाटेत ओरडत होता. टिकलीनं आवाज म्हणून काढला नाही.

अक्का न्हाणीत घसरून पडल्यापासून तिचा राजू पुण्याहून रोज फोन करतोय, "मावशी, आईला एकटीला ठेवू नका." मी तर हे केव्हापासून म्हणतेय. दोन म्हाताऱ्या बहिणी, दोन रिकामी घरं. कशासाठी?

अक्कानं दारातच अट घातली. "माझ्या मांजरांचं हितं जमलं तर ऱ्हातो. न्हाई जमलं तर प्लास्टर निघालं की मला घरी सोडायचं. वाद घालायचा न्हाई, सुमे."

घातला नाही. (नोंद करण्यासारखी गोष्ट.)

माझे दोघे, भोंगा आणि काळी, सोफ्यामागून बघत होते. भोंग्याची शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुगलेली.

९ जाने., शुक्र.
स. २६ तारखेच्या व्याख्यानाची तयारी. विषय : समता घरापासून. नेहमीसारखी येरझारा घालत, मोठ्यानं. दुसऱ्या मुद्द्यावर टेबलावर हात आपटला आणि वळून पाहिलं तर खोलीत कुणी नाही. चारही मांजरं गायब. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"कुणाला झापाय लागलीस गं?"
"भाषण आहे."
"माईक बिघडलाय व्हय त्यांचा?"

११ जाने., रवि.
आज पंगत मांडली. मांडली ती पूर्ण विचार करून, हे लिहून ठेवते.

तीन दिवस हे चौघं कोपऱ्याकोपऱ्यांतून एकमेकांवर फिस्कारताहेत. जुने वेगळे, आलेले वेगळे. मी आयुष्यभर कशाविरुद्ध बोलत आले? गावजेवणात वेगळ्या बसवलेल्या रांगांविरुद्ध. एका ताटात जेवल्याशिवाय माणूस माणसाचा होत नाही हे मी किती गावांत सांगितलं असेल. मग माझ्याच घरात दोन पंगती?

मोठी परात घेतली. दूधभात, वर उकडलेली मासळी. चौघांना भोवती आणून बसवलं. अक्का म्हणत होती, "नगं गं, त्यास्नी जरा वळख हू दे." मी म्हटलं, जेवणातूनच ओळख होते.

भोंग्यानं गुळव्याची मान धरली. काळी परातीवरून उडाली. टिकलीच्या कानाला भोक. मी मधे पडले, ओरडले (अर्थातच), त्यानं सगळं आणखी वाढलं. शेवटी भोंगा पुस्तकांच्या कपाटावर मुतला. खालच्या दोन रांगा भिजल्या.

टिकली आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या वर, भिंतीला चिकटून. अक्का खाली उभी राहून डावा हात वर करून, "ये बाय, ये की." ती येईना.

 

१२ जाने., सोम.
टिकलीनं कालपासून काही खाल्लं नाही. पाणीसुद्धा नाही. डॉ. नसीमला घरी बोलावलं. गल्लीच्या तोंडाला तिचा जनावरांचा दवाखाना आहे, भोंगा नि काळी तिच्याच औषधावर वाढलेले. कानाला औषध लावलं, परात बघितली, आणि हसू दाबत म्हणाली, "मॅडम, पंगतीवरचं तुमचं भाषण मी कॉलेजात ऐकलंय. पण ह्यांच्यात जात नसते. हद्द असते."

मग सांगत गेली. नव्या दोघांना आतली खोली, दार बंद. प्रत्येकाचं ताट वेगळं, कोपरा वेगळा, पाणी वेगळं आणि ताटापासून लांब. वाळूचं घमेलं प्रत्येकाला एक, वर आणखी एक. उंच जागा, लपायला खोकी, एका बाजूनं आत गेलं तर दुसऱ्या बाजूनं बाहेर पडता येईल अशी. एकाच्या अंगावर फिरवलेला टॉवेल दुसऱ्याच्या ताटाखाली, वास ओळखीचा व्हावा म्हणून.

"आणि आवाज," ती म्हणाली.
"कसला?"
तिनं अक्काकडं बघितलं. अक्का म्हणाली, "तू सांग, डॉक्टरीणबाई. माझं ती ऐकत न्हाई."

वेगळं ताट, वेगळा कोपरा, वेगळं पाणी. हे माझ्या हातानं माझ्या घरात. वेगळं पाणी हे दोन शब्द लिहितानासुद्धा हात थांबतो.

पण टिकली उपाशी आहे.

१४ जाने., बुध. संक्रांत
कपाटाला लागून टेबल, टेबलाजवळ स्टूल, अशी उतरण लावून दिली. वर ताटली ठेवली. मी खोलीबाहेर गेल्यावर तिनं दोन घास खाल्ले, असं अक्का म्हणते.

सं. अक्कानं डाव्या हातानं तिळगूळ दिला. "घे. आणि गोड नगं, नुसतं हळू बोल."

शेजारच्या बायका वाणाला आल्या होत्या. सगळ्यांना अक्का बंद दाराकडं बोट करून "आत बाळंतीण हाय" म्हणून सांगत होती, म्हणजे कुणी मोठ्यानं बोलू नये. दोघीतिघींनी डिंकाचे लाडू पाठवू का विचारलं.

१७ जाने., शनि.
आता तयारी घरात नाही, रंकाळ्यावर. काठानं चालत बोलते. आज एक पैलवानी अंगाचे गृहस्थ शेजारून चालायला लागले. म्हणाले, "बाई, कुणासंगं बिनसलंय? नाव सांगा, आमी हाय की." भाषण आहे म्हटल्यावर निराश झाले. तरी एक फेरी पूर्ण होईपर्यंत ऐकलं, आणि जाताना "दम हाय" म्हणाले.

घरी दाराच्या अलीकडं भोंगा नि काळी, पलीकडं ते दोघे. मधे बंद दार, दोन्हीकडं ताटल्या. आज गुळव्यानं दाराखालून पंजा काढला. भोंग्यानं हुंगला. मारला नाही.

२० जाने., मंगळ.
डोक्यातून जात नाही.

पंगतभेद वाईट का? ताटं वेगळी होती म्हणून नव्हे. तू तिथं बस, असं कुणीतरी वरून ठरवलं आणि ज्याला बसवलं त्याला विचारलंच नाही, म्हणून. आणि मी त्या रविवारी काय केलं? चौघांना धरून आणलं आणि बसवलं. हेतू उदात्त. हेतू वेगळ्या पंगती मांडणाऱ्यांचाही उदात्तच असायचा, विचारलं असतं तर धर्माचं नाव सांगितलं असतं.

म्हणून आजपासून मी ठरवत नाही. खोकी नुसती ठेवली. काळीनं पुस्तकांच्या कपाटाचा सगळ्यात वरचा खण घेतला. युरोपच्या इतिहासाचे खंड पलंगाखाली गेले. गुळव्याला शिवणयंत्राखालची जागा हवी होती, पायट्याजवळ. भोंग्याला काहीच नको, फक्त दार दिसलं पाहिजे.

टिकली आतल्या लोखंडी कपाटावरच. पण आता पाठ भिंतीकडं आणि तोंड आमच्याकडं.

२४ जाने., शनि.
मांजरांना विचारलं. अक्काला विचारलं का?

तिला मी पुढची खोली दिली. ऊन येतं, पलंग नवा, बेल हाताशी. सगळं मी ठरवलेलं. आणि ती दिवसभर स्वयंपाकघरातल्या छोट्या पाटावर बसते. मला वाटायचं, सवय.

आज विचारलं, "अक्का, तुला कुठं बसायला आवडेल?"

"आज इचारलंस व्हय." मग मागं बोट करून, "मागच्या पडवीत. हितनं रस्ता दिसतो, तितनं नारळाचं झाड दिसतंय."

पलंग मागं हलवला. ओढताना आवाज होईल म्हणून खाली पोती घालून. पिशवीतून तिनं साडीत गुंडाळलेली दत्ताची तसबीर काढली. इतके दिवस आतच होती. मी म्हटलं, आधी का नाही लावलीस?
"तुझ्या घरात देव चालत न्हाईत."
"मी कधी म्हटलं?"
"गावभर म्हणत हिंडतीस की."

खिळा ठोकायला घेतला तर चौघं परत पळतील. तसबीर भिंतीला टेकवून ठेवली. अक्का म्हणाली, "टेकवलेलीच बरी. उचलाय सोपी."

२६ जाने., सोम.
व्या. झालं. एका ताटाच्या मुद्द्यावर आले आणि पुढचं वाक्य, नेहमीचं, ज्यावर टाळ्या ठरलेल्या, ते तोंडातून निघेना. म्हणाले, ताटं किती हा प्रश्नच नाही, कुणी कुणाला कुठं बसवलं हा प्रश्न आहे. टाळ्या नाहीत. मागच्या रांगेत कुणीतरी खुर्ची सरकवली.

संयोजक गाडीपर्यंत सोडायला आले. "मॅडम, घसा बरा नाही का?"

३० जाने., शुक्र.
आतलं दार उघडं ठेवायला सुरुवात. आधी थोडा वेळ, मग जास्त. गुळव्या आणि भोंगा एकमेकांसमोरून जातात. मैत्री नाही. शेजार आहे. काळी वरून दोघांनाही तुच्छ लेखते.

टिकली खाली उतरत नाही. अक्कानं हाक मारली तर शेपटीचं टोक हलतं, एवढंच.

१ फेब्रु., रवि.
माघ पौर्णिमा. अक्का शेजारच्या बायकांबरोबर नृसिंहवाडीला गेली. "येतीस काय?" म्हणून मला विचारलं. तीही मला विचारायला लागली. मी नाही म्हटलं, आणि तिनं मान हलवली, बास.

दु. घर गप्प. पडवीत अक्काच्या पलंगाला टेकून फरशीवर बसून वाचत होते, मनात. पान उलटताना बाजूला काहीतरी हललं म्हणून नजर न वळवता बघितलं. टिकली. कपाट, टेबल, स्टूल, सगळं उतरून एवढ्या लांब आली होती. हातभर अंतरावर बसली. भोंगा दारात होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, त्यानं दुसरीकडं बघितलं. मग ती माझ्याकडं बघून सावकाश डोळे मिटत, सावकाश उघडत राहिली. मांजराचा हा भरवसा असतो, असं डॉ. नसीमनं सांगितलेलं आठवलं, मीही तसंच केलं. किती वेळ, माहीत नाही. माझ्यासमोर इतकं शांत कुणी कधी बसलेलं मला आठवत नाही. सभागृह तर नाहीच.

मग ती उठली आणि गुळव्याच्या ताटलीतलं उरलेलं खाल्लं.

सं. अक्का आली, कवठाची बर्फी घेऊन. सांगितलं. "माझ्या माघारी खाल्लं तिनं?" "हो." "खाली उतरून?" "हो." "बरं झालं बाई," म्हणाली, आणि बर्फीचा पुडा सोडायलाच विसरली.

५ फेब्रु., गुरु.
प्लास्टर निघालं. हात काटकुळा दिसतोय, अक्का त्याच्याकडं परक्यासारखं बघते.

अट पुरी झाली. मांजरांचं जमलं. दोन ओळींत मुद्दा मांडून मी तिला निरुत्तर करू शकते, आणि ती निरुत्तर होऊन राहीलही. पंगतीला बसवल्यासारखी.

मुद्दा मांडला नाही, चार ताटल्या घासल्या. 

७ फेब्रु., शनि.
राजूचा फोन. उद्या गाडी घेऊन येतोय. आईला हातकणंगल्याला सोडायचं की सामान आणायला जायचं, ते तुम्ही दोघी ठरवा म्हणाला.

अक्का तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मांजरांचं जमलं गं. माझं जमतंय का, ते कुटं कळाय लागलंय मला." मग, "तिकडं अंधारातबी भिताडाला हात लावत चालतो मी. हितं दिवा लावून बी दार सापडत न्हाई."

मी शेजारी बसून तांदूळ निवडू लागले. उत्तर माझ्याकडं होतं, दिलं नाही, कारण ते उत्तर नव्हतं, युक्तिवाद होता.

८ फेब्रु., रवि.
स. चौघांना वाढलं. चार ताटल्या, चार ठिकाणी. काळी वर, गुळव्या यंत्राखाली, भोंगा दाराशी. टिकली आज भोंग्याच्या जवळपास बसून जेवली, तिची तिच्या मनानं. अक्कानं बघितलं. 

मग अक्काशी बोललेच. आयुष्यभर मागण्या केल्या, सरकारकडं, संस्थांकडं, समाजाकडं. मागणीला कारणं लागतात, ती माझ्याकडं ढीगभर होती : तिचा हात, तिची न्हाणी, राजूची काळजी. त्यातलं एकही सांगितलं नाही. चहाचा कप पुढं केला आणि म्हटलं, "अक्का, ऱ्हा की गं. मला करमत न्हाई."

तिनं कप घेतला. बशीत चहा ओतला, फुंकला.

"कवापासनं?"
"लई दिवस झाले."
"मग इतके दिवस कारणं कशाला सांगत होतीस?" बशी तोंडाला लावली, रिकामी केली, खाली ठेवली. "राजू दमून येईल. आधी जेवू दे त्याला. मग बघू."

भाजीला फोडणी दिलीय तिनं. उजव्या हातानं, हळूहळू. मला कोथिंबीर निवडायला लावलंय.

राजूची गाडी गल्लीत वळलेली दिसतेय. हॉर्न वाजवू नकोस म्हणून सांगायला बाहेर जाते.