पोटावरचा ढोल

६ मार्च २००६
पिशवी राहणार! नोव्हेंबरात आतडं फुटलं, कापून परत जोडलं. जोड भरेपर्यंत पोटावर पिशवी — शी तिच्यातच. आज आतड्यात रंगाचं औषध सोडून एक्स-रे काढला. जोडातून अजून गळतंय. डॉक्टर म्हणाले, "किडनीच्या गोळ्या चालू आहेत ना. त्या शरीराला दुसऱ्याच्या किडनीशी भांडू देत नाहीत. पण त्यांच्यामुळेच जखम सावकाश भरते. सहा आठवड्यांनी बघू." फाइल आपटून बाहेर आलो. रिक्षावाल्याशीपण वाजलं.

सहा आठवडे म्हणजे जयंती गेली! चौदा एप्रिलला मिरवणुकीत ढोल माझा. आणि ढोल टेकतो पोटावरच. मनाली दर वर्षी बेलवलीहून बघायला येते. चार महिने तिला तोंड दाखवलं नाही. वास आला तर?

८ मार्च
मायाताईने सासरी भांडून मला किडनी दिली, त्याला तीन वर्षं झाली. माझं कॉलेज तेव्हाच सुटलं. उल्हासनगरहून रोज सकाळी-रात्री नऊला तिचा मिस्ड कॉल — गोळी घे. मी उलट देतो — घेतली. फुकटात काम!

९ मार्च
आज घेतली नाही. पण मिस्ड कॉल दिला. गोळ्या बंद, जोड भरेपर्यंतच. आई रिकामी पाकिटं तपासते, म्हणून गोळ्या काढल्या. फेकवेनात. ढोलाला हवेचं भोक असतं, त्यातून आत सोडल्या.

१३ मार्च
पोट हलकं वाटतंय. डॉक्टर लोकांना काय कळतं!

२० मार्च
पाय सुजले. लघवी कमी. रक्तातलं क्रिएटिनिन १.२ होतं, ३.८ झालं — म्हणजे किडनी बिघडतेय. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "गोळ्या चुकवल्यास?" मी बोलायच्या आत ताई तडकली — "शक्यच नाही! रोज दोनदा मिस्ड कॉल येतो त्याचा. एकदासुद्धा चुकला नाही."
मी भिंतीवरचा तक्ता वाचत बसलो.

२३ मार्च
किडनी वाचवायला तीन दिवस स्टेरॉइडची मोठी इंजेक्शनं. त्यामुळे आतड्याचा जोड भरणं अजून लांबलं म्हणे. गोळ्या सुरू. घेतोय. खरंच घेतोय.

२ एप्रिल
क्रिएटिनिन २.१ वर अडकलं. बहुतेक तिथेच राहील. ताई डबा घेऊन आली. म्हणाली, "माझीच कच्ची निघाली रे विकी. सॉरी."
सांगायला तोंड उघडलं. तिने घास भरवला.

१३ एप्रिल
मनाली घरी आली! मी चादर ओढली. "राहू दे. पिशवीचं ताईंनी मला कधीच सांगितलंय. येडा आहेस का? उद्या तुझा ढोल मी वाजवणार." उचलून गळ्यात अडकवला. आत खुळखुळलं. तिने तिरका करून हलवला — भोकातून एक गोळी फरशीवर पडली. मग दुसरी.
ताई तिथेच होती. तिने उचलल्या. ओळखल्या. चप्पल घालून निघून गेली.

१४ एप्रिल
नऊ वाजले. मिस्ड कॉल आला नाही. गोळी घेतली, मीच दिला.
तिने उचलला.