ठकुकाकूची ओळख पटवायची कुणी?

चिंचवड गाव,
एप्रिल १९५८

ती. इंदुआक्कास,

धाकट्या मुरारीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे आम्ही सगळे तुझ्या आशीर्वादाने आणि पवनेच्या पाण्याने बरे आहोत. तिकडे दाजींचा दमा, तुझी कंबर आणि भाचरांच्या परीक्षा यांपैकी काय काय बरं आहे ते उलटटपाली कळव. (परीक्षांचं नाही कळवलंस तरी मी समजून घेईन. मामाच्या वळणावर गेलेली पोरं आहेत.) दाजींना साष्टांग नमस्कार, आणि त्यांनी मागच्या खेपेला विसरलेली छत्री अजून आहे म्हणून सांग. वापरात आहे, पण आहे.

पत्राला उशीर झाला. कारण सांगायचं म्हणजे सगळी हकिकतच सांगावी लागेल, तेव्हा चहा ठेव आणि बैस. आक्का, तू लग्न होऊन मिरजेला गेलीस तेव्हाचं आपलं गाव आता शोधावं लागतं. घाट आहे, चिंचा आहेत, देऊळ आहे, पण पिंपरीला औषधांचा कारखाना झाल्यापासून सकाळी कोंबड्याच्या आधी भोंगा ओरडतो. लातूरकडची माणसं आली, कोकणातली आली, पार फाळणीतून उठून आलेलीही आहेत. काळेवाडीच्या बाजूला खोल्या उठताहेत. माझं सायकलदुरुस्तीचं दुकान त्यांच्यावरच चालतं, तेव्हा मी तक्रार करणं बरं नव्हे. पण परवा कारखान्यातल्या एका गिऱ्हाइकाची सायकल पोचवायला गेलो, तर दारावरच्या रखवालदाराने विचारलं, कोण तुम्ही? मी सवयीने म्हणालो, आबांचा मुरारी. तर तो म्हणतो, कोण आबा? आक्का, उभ्या जन्मात ‘कोण आबा’ हा प्रश्न मी प्रथमच ऐकला. आपल्या लहानपणी कुणाच्याही वावरात शिरलं तरी ‘आबांचा का रं तू’ एवढं म्हणून वर दोन पेरू हातात यायचे. मी सायकल तिथेच भिंतीला टेकवली आणि परत आलो. त्या दिवशी जेवणही नीट गेलं नाही. (अडीच भाकरी.)

आता मुख्य गोष्ट. मुंबईच्या विधानसभेत दोन बिलं आली आहेत. एक, निराधार म्हाताऱ्याकोताऱ्यांना सरकारी मदत देण्याचं. दुसरं, माणसाला आपल्या ओळखीचा दाखला गावातल्या गावात, फुकट मिळावा म्हणून. ही दोन्ही बिलं तपासायला आमदारांची समिती गावोगाव हिंडते आहे आणि ती चिंचवडला येणार, असा निरोप आला. सरपंच भिमाजीने दवंडी दिली की ‘बिलं तपासायला आमदार येनार’. त्यावर मळ्यातले चार शेतकरी त्याच्याकडे येऊन सांगून गेले की बिळं आमच्या बांधाला सगळ्यांत जास्त आहेत, उंदरांनी भुईमूग ठेवला नाही, साहेबांना आधी तिकडंच आणा. भिमाजीने त्यांना अर्धा दिवस समजावलं. ते समजले की नाही देवाला ठाऊक, पण सभेला कुदळी घेऊन आले होते.

समितीपुढे गावातला एखादा खरा निराधार माणूस उभा करायचा, असं भिमाजीच्या मनात होतं. आणि त्याने नाव काढलं ते ठकुकाकूचं. आपली ठकुकाकू आणि निराधार? पण विचार केला तर खोटं काय होतं? बन्सीकाका गेले, पोटी मूल नाही, माहेरी चऱ्होलीत कुणी उरलं नाही. इतकी वर्षं लोकांचं धान्य निवडून पोट भरलं, ते आता होत नाही. मी काही द्यायला गेलो तर म्हणते, “तुझी पोरं हायत, त्यास्नी घाल.”

तुला आठवतं ना शेजारच्या बन्सीकाकाचं घर? मधे एक भिंत, दोन चुली आणि दोन दारं. एका दारात गवराकाकू, दुसऱ्या दारात ठकुकाकू. गवराकाकूला मूल होईना म्हणून तिनेच चऱ्होलीला जाऊन सवत आणली, आणि त्या सवतीलाही मूल झालं नाही, म्हणून त्या दोघींच्या वाट्याची माया आपल्या दोघांवर पडली. एका दारातून शेंगदाण्याची चटणी-भाकरी खाऊन निघायचं आणि दुसऱ्या दारात गुळाचा खडा घ्यायला उभं राहायचं. दोघी विचारायच्या, ‘तिकडं काय दिलं?’ आणि आपण काही सांगितलं तरी दोघी त्याच्याहून जास्त द्यायच्या. आक्का, तसं जेवण पुन्हा कुठे मिळालं नाही. (हे वाक्य हिने वाचलेलं नाही.)

त्यांचा अबोला कशावरून, ते तुला पुरतं ठाऊक नसेल. तू तेव्हा मिरजेत बाळंत होतीस. बन्सीकाका दोघींनाही ‘अगं’ म्हणून हाक मारायचे, आणि हाक आली की दोघी धावायच्या. शेवटच्या दिवशी त्यांनी ‘अगं, पाणी’ म्हटलं, दोघींनी तांबे पुढे केले, आणि कुणाचाच तांबा तोंडाला लागायच्या आत ते गेले. हाक मला होती, असं दोघींचंही म्हणणं. तेराव्याला भांडण पेटलं आणि त्यानंतर बारा वर्षं दोघी एकमेकींशी शब्द बोलल्या नाहीत. बोलायच्या त्या कोंबडीशी. ठकुकाकूचं दूध उतू जायला लागलं की गवराकाकू अंगणात कोंबडीला म्हणायची, “अगं ए, कुनाचं तरी दूध चाललंय चुलीत.” मग ठकुकाकू आत धावायची. कोंबडी मात्र उगाच दचकायची.

सभेचा दिवस उजाडला. शाळेत सतरंज्या घातल्या, तालुक्याहून खुर्च्या आणल्या. जीपमधून चार पुरुष आणि एक बाई उतरल्या. भिमाजीने पुरुषांना हार घातले. त्याची बायको कौशल्याबाई बाईंना ‘या, आत सावलीत बसा’ म्हणून घरी घेऊन गेली, कारण कुणा आमदाराच्या मंडळी असणार. बाई हसून गेल्या. तिने त्यांना थालीपीठ वाढलं, सासूची गाऱ्हाणी सांगितली, नवऱ्याचीही सांगितली. इकडे सभा खोळंबली. भिमाजी दर थोड्या वेळाने हात जोडून विचारी, करायची का सुरू? आणि साहेब म्हणत, अध्यक्ष येऊ द्या. बऱ्याच वेळाने कळलं की अध्यक्ष भिमाजीच्या स्वयंपाकघरात दुसरं थालीपीठ खाताहेत. भिमाजी पळत गेला तेव्हा बाई म्हणाल्या, “सरपंच, तुमच्याबद्दलची सगळी माहिती मला मिळाली आहे.” भिमाजी सभा संपेपर्यंत पुन्हा खुर्चीत बसला नाही.

मग बिलातलं कलम वाचून दाखवलं. निराधार म्हणजे ज्याला सांभाळणारं कुणी नाही असा. आणि त्याची ओळख, त्याला जुन्या काळापासून ओळखणाऱ्या एका प्रतिष्ठित माणसाने पटवायची. ठकुकाकूला पुढे बसवलं. बिचारी पदर गच्च धरून सतरंजीकडे बघत होती. मला ते बघवेना. वऱ्हाडाकडचे एक सभासद वकील होते. त्यांनी भिमाजीला विचारलं, “ही बन्सी नावाच्या माणसाची बायको, हे तुम्हाला कसं ठाऊक? तुम्ही लग्नाला होता?” भिमाजी म्हणाला, “साहेब, माझ्या आईचं लग्न तवा झालं नव्हतं.” मी उठलो, मलाही त्याच कारणाने खाली बसवलं. आणखी दोघे उठले, तेही बसले. आक्का, सगळा गाव समोर होता, सगळ्यांनी तिच्या हातचं काही ना काही खाल्लेलं, आणि तिला ओळखतो म्हणायची एकालाही सोय नव्हती. ठकुकाकू हळूच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. जाते मी.” आणि उठायला लागली.

तेवढ्यात मागून आवाज आला. “खाली बस, ठके.”

गवराकाकू. काठी टेकत पुढे आली, समितीकडे तोंड करून उभी राहिली. “ही ठकी. चऱ्होलीची. म्या सोता जाऊन पसंत केली. नवऱ्यासाठी बायकू बघायची, तवा नाकीडोळी बेताचीच निवडली.” शाळेत हशा झाला, तिला त्याचं काही नाही. “डाव्या पायाचं बोट वाकडं हाय. भाकरी जाड करती. मीठ हिला कंदी कळलं न्हाई. निजंत घोरती, भिंतीपल्याड ऐकू येतं. वीज कडाडली की भेती, तवा म्या मुद्दाम भांडी वाजवते, म्हंजे हिला कळावं पल्याड मानूस हाय.” समितीचा लेखनिक सगळं उतरवत होता, मीठसुद्धा.

बाईंनी विचारलं, तुम्ही तिच्या कोण? “सवत.” सुरतेकडच्या सभासदांना शब्द कळेना. शेजारच्यांनी कानात सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. वकीलसाहेब म्हणाले की कलमात प्रतिष्ठित माणूस असं आहे. त्यावर भिमाजी बोलला (आणि त्या दिवसात एवढंच शहाणपणाचं बोलला), “साहेब, गावात हिच्याइतकं आमी कुनालाच भीत न्हाई. आनखी कसली प्रतिष्ठा पायजे?”

बाईंना हे पटलेलं दिसलं. त्या गवराकाकूला म्हणाल्या, “तुम्हालाही कुणी नाही. तुमचंही नाव घेऊ का, निराधार म्हणून?”

गवराकाकू ताठ झाली. “मी कशानं निराधार? माझी सवत जित्ती हाय की!”

कुणी हसलं नाही. वकीलसाहेबांनी मात्र कागद वर केला. म्हणाले, मग ह्यांना त्या आहेत आणि त्यांना ह्या आहेत. सांभाळणारं माणूस आहे. कलमाप्रमाणे दोघीही बाद. आक्का, ओळख पटवायला गेली आणि ओळखीनेच घात केला. गवराकाकूचा चेहरा असा पडलेला मी बन्सीकाका गेले तेव्हाही पाहिला नव्हता.

आणि इतका वेळ मुकी असलेली ठकुकाकू उसळली. “ही मला सांभाळती? आन् मलाच पत्ता न्हाई?”

“गेल्या साली ताप आला तवा उंबऱ्यावर पेज कोन ठिवत हुतं?”

“ती मुरारीची बायकू!”

“तिच्या पेजंला कंदी चव असती व्हय?” (ही पहिल्या रांगेत बसली होती. पुढचे चार दिवस आमच्याकडे काय शिजलं, ते विचारू नकोस.)

“आन् तुझ्या दारात सरपन कोन टाकतं? भुतं?” ठकुकाकूने उलटवलं.

“मला वाटलं भिमाजीचा गडी!”

“भिमाजीचा गडी सोताच्या घरी काडी नेत न्हाई!”

मग जे सुरू झालं ते बारा वर्षांचं साठलेलं होतं. पडलेली कौलं कुणी बसवली, आजारी कोंबडीला हळद कुणी लावली, नागपंचमीला दारात लाह्या कुणी ठेवल्या, सगळं शिव्यांसकट बाहेर आलं. एक सभासद ‘शांतता’ म्हणून टेबल वाजवायला लागले, तर बाईंनी त्यांचा हात धरला. “चालू द्या,” म्हणाल्या. लेखनिकाने टाक खाली ठेवला होता. मी आपला शाळेच्या खिडकीतून बाहेर बघत होतो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. (कारखान्याचा धूर असेल.)

दोघी दमल्यावर बाई वकीलसाहेबांना एवढंच म्हणाल्या की हे कलम असं चालणार नाही, दोन उपाशी माणसांनी एकमेकींना सांभाळलं म्हणून सरकार सुटत नाही. मग जीप गेली. शेतकरीही कुदळी घेऊन गेले, बिळांचा विषय निघालाच नाही म्हणून नाराज. बिल अजून मुंबईतच आहे. भिमाजी वर्तमानपत्रात बघत असतो. फेरविचार चालू आहे म्हणतात. मदत काही आलेली नाही.

पण दोघी बोलायला लागल्या, आणि आता थांबतच नाहीत. सकाळी भोंग्याच्या आधी सुरू होतात. भिंत आहे तिथेच आहे, तिच्यावरून आरडाओरडा चालतो. दुकानात पंक्चर काढताना ते कानावर आलं की मला उगाचच वाटतं, आता तू परकराचा ओचा धरून त्या दारातून या दारात पळत येशील. गावात आता मला ‘आबांचा मुरारी’ म्हणणारी तीन-चारच माणसं उरली आहेत आक्का, आणि त्यातल्या दोघी दिवसभर भांडत असतात. भांडोत बापड्या. मला दुसरं काही नको, तुझ्याकडे काही मागणंही नाही, फक्त खुशाली कळवावी म्हणून हे लिहिलं.

तुझा धाकटा,
मुरारी

ता. क. : एक बारीकसं मागणं आहे. ठकुकाकूला आता जवळजवळ दिसत नाही. मोतीबिंदू आहे. धान्य निवडणं सुटलं ते त्यामुळेच, पण तिने कुणाला कळू दिलं नाही. समितीच्या बाईंच्या ते ध्यानात आलं आणि जाताना त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मिरजेला डोळ्यांचं काम चांगलं होतं, तिथे कुणी आहे का तुमचं? मी सांगून टाकलं की सख्खी बहीण आहे. तेव्हा तिला पाठवतो आहे. महिनाभर ठेवून घे. दाजींना तूच समजाव.

ता. क. २ : गवराकाकूही येते आहे. एकटी पाठवायला तयारच नाही. म्हणते, “तितं तिला वळखतं कोन?” चूल एकच पुरे, पण मिठाचा डबा ठकुकाकूच्या हाती लागू देऊ नकोस.

ता. क. ३ : हे मात्र नीट वाच आणि पत्र फाडून टाक. डोळ्यांसाठी म्हटलं तर ठकुकाकू गाडीत पाय ठेवणार नाही, म्हणून तिला मी सांगितलं आहे की गवराकाकूचे गुडघे मिरजेला दाखवायचे आहेत आणि सोबतीला कुणीतरी पाहिजे. ती लगेच गाठोडं बांधून बसली. दोघीही आपण दुसरीला सांभाळायला निघालो आहोत अशाच समजुतीत आहेत. येत्या शनिवारी स्टेशनावर त्यांना उतरवून घेशील तेव्हा दोघींपैकी आजारी कोण, हे चुकूनही विचारू नकोस.