गाडीभोवतीची फेरी

प्रिय अप्पा,

उभ्या गाडीला वजनाचाच भाव मिळतो, असं म्हणून तुम्ही परवा फोन ठेवून दिलात. मला बोलूही दिलं नाहीत. म्हणून हे पत्र. ताई वाचून दाखवील, आणि तिला मधेच अडवायची तुमची काही हिंमत नाही. तर ऐका, आपली मालाची गाडी भंगारात घालायची नाही. तीन वर्षं ती अंगणात उभी आहे, मान्य. तुमचा गुडघा क्लच दाबू देत नाही, तेही मान्य. आई तिच्या आरशाला दोरी बांधून कपडे वाळत घालते आणि ताईचा पोरगा हॉर्न वाजवून सगळ्या आळीच्या शिव्या खातो. पण म्हणून त्या भंगारवाल्याने यायचं, दोन लाथा घालायच्या आणि एक लाख साठ हजार म्हणायचं? आणि तुम्ही हो म्हणालात, घासाघीस न करता. एका टायरसाठी दुकानदाराचा अर्धा दिवस खाणारे तुम्ही. दुसऱ्याचा भाव मोडायचा तर वर पाचशेच ठेवायचे, जास्त ठेवले की आपली गरज दिसते, हे मला कुणी शिकवलं?

असो. महिनाअखेरीला तो क्रेन घेऊन येणार म्हणे. त्याच्या आत हे पत्र पोचलं पाहिजे, म्हणून इथे परदेशात, सीमेवरच्या रांगेत ट्रकच्या केबिनमध्ये बसून लिहितोय. इथून माघारी जाणाऱ्या एका ड्रायव्हरकडे देईन, तो टपालात टाकील.

होय, निघालो एकदाचा. भिंगरी कुठे टिकत नाही असं तुम्ही गावभर सांगता, पण या खेपेला मी एका जागी इतका टिकलो की कंटाळा आला. आधी कारकुनाने माझ्या कागदावर असं जन्मसाल टाकलं की मी तुमच्यापेक्षा मोठा निघालो. ते निस्तरतोय तोवर सीमेवरचा पूल दुरुस्तीला काढला. पूल उघडला तर सुट्टीवर गेलेल्या उस्तादांचं विमान रद्द. उस्ताद म्हणजे इथल्या डेपोतले जुने ड्रायव्हर, मी त्यांचा मदतनीस म्हणून जायचं ठरलं होतं. शेवटी ते पोचले, पण बॅग तिसऱ्याच देशात उतरली आणि चष्मा बॅगेत. चष्म्याशिवाय त्यांना डोंगर काय आणि समोरचा ट्रक काय, एकच. नवा करायला आठवडा लागणार, आणि माल आधीच रखडलेला. डेपोच्या मॅडमनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, चालव तू, उस्ताद शेजारी बसतील. मोठ्या गाडीचा परवाना काढून ठेवला होता, त्याचा असा उपयोग होईल वाटलं नव्हतं. आता उस्ताद आठवणीने रस्ता सांगतात आणि मी डोळ्यांनी बघतो. दोघांत मिळून एक ड्रायव्हर झालाय.

माल काय भरलाय विचारा. शाळेचे बाक, तीनशे. एका बाकावर मला बसवताना मास्तर दमले, तुम्ही दमलात. आता अख्खी शाळा माझ्या मागे गपगार बसलीय आणि तिला मी तीन देशांपलीकडे नेतोय.

या गाडीत सगळं आहे. गार वारा आहे, मागे झोपायला पलंग आहे. पण इंजिन पार पायाखाली, केबिनमध्ये त्याचा उंचवटाच नाही. आपल्या गाडीत तुमच्या आणि क्लीनरकाकांच्या मधे इंजिनाचं झाकण होतं. सुट्टीत मला बरोबर घ्यायचात तेव्हा आई त्यावर रजई दुमडून टाकायची. खालून ऊब यायची, अंगात बारीक थरथर भरायची, आणि तुम्ही गिअर बदललात की तुमचं कोपर माझ्या पोटाला लागायचं. झोपेतसुद्धा कळायचं, चढ आला. इतकी गाढ झोप मला पुन्हा कुठे लागली नाही. स्टेअरिंगला मात्र कधी हात लावू दिला नाहीत. एकदा हात लागला की सुटत नाही, म्हणायचात, तू आपली शाळा शीक. शाळा सुटली ती सुटलीच, आणि हे काही सुटलं नाही.

आज निघताना एक केलं. लाकडी हातोडा घेऊन गाडीभोवती फिरलो, एकेक टायर ठोकत, तुमच्यासारखा. इथे प्रत्येक टायरची हवा समोरच्या पडद्यावर आकड्यात दिसते. उस्ताद हसले, पडदा खोटं बोलतोय का म्हणाले. पडदा खरंच बोलत होता, सगळे टायर ठणठणीत. तरी फेरी पुरी केली. मागच्या डाव्या चाकाशी आलो आणि पाय थांबला. तुम्ही तिथेच सगळ्यात जास्त वेळ लावायचात. मी केबिनमधून ओरडायचो, अप्पा, चला ना. मला वाटायचं ते चाकच खोडकर आहे. आज तिथे उभं राहून आपलं अंगण मनात मांडून बघितलं. गाडीचं तोंड फाटकाकडे. मागच्या डाव्या चाकापाशी उभं राहिलं की बरोबर स्वयंपाकघराची खिडकी येते. आई तिथे असायची. माझ्यासमोर डेपोची भिंत होती आणि तिला टेकवलेली कुणाची तरी सायकल. हातोडा ठेवला आणि चढलो.

आई म्हणाली, तुम्ही अजून रोज सकाळी गाडीभोवती फेरी मारता. ती ठोकळ्यांवर उभी आहे, टायरमध्ये हवा नाही, तरी. लोखंड विकायला काढणारा माणूस असं करत नाही, अप्पा. तुम्हाला गिऱ्हाईक नकोच आहे, तुम्हाला ती चालवणारा पाहिजे आहे. तुम्ही मेलात तरी मला ते सांगणार नाहीत, म्हणून मीच सांगतो. हे बाक पोचवले की मी घरी येतोय. क्लच मी दाबीन, तुम्ही शेजारी बसा आणि वाटेल तेवढ्या चुका काढा. तोवर भंगारवाल्याला सांगा, भाव मोडला, पैसे आगाऊ आले. मदत पाठवली असं समजू नका, हा व्यवहार आहे, आणि गरज दिसू न देता केलाय.

तुमचाच,
भिंगरी

ता. क. ताईच्या खात्यावर सकाळीच टाकलेत, मोजून घ्या. एक लाख साठ हजार पाचशे.