तांबूचं निमित्त

नांदुरा,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

छाये,

जय भीम, अन् तुह्या देव्हाऱ्यातल्या बालाजीलेही माहा नमस्कार सांग. आम्ही इकडं सगळे खुशाल आहो. तुह्या सासूबाईचे, कौशल्याबाईचे गुडघे कसे आहेत? थंडी पडली की दुखतात म्हणत होत्या. इकडं थंडी सुरू झाली, सकाळी टिकली माह्या पायावरची गोधडी सोडत नाही. लाडानं पार बिघडली ही कुत्री.

पत्र काऊन लिहून राह्यली असं वाटलं असंल तुले. तू फोन उचलत नाहीस बाई! मेसेज वाचतेस, निळ्या खुणा दिसतात मले, अन् त्यावर हात जोडल्याचं चित्र धाडतेस. मी काय देव आहो काय? म्हणून मनात म्हटलं, कागद बरा. कागद तुले मधातच कट करता येत नाही. आमच्या शेजारच्या जनकाबाईचा जावई चिखलीच्या गाडीवर कंडक्टर आहे. तो पुढच्या गाडीत देऊन तुह्या घरी पोचता करतो म्हणला.

तर पहिले आमच्या कार्यक्रमाचं ऐक. माहा दीर संघपाल, तुले माहीतच आहे त्याचं सगळं धडाक्याचं काम. मले बरं होऊन पाच वर्षं झाली म्हणून पौर्णिमेले घरी वंदना अन् खीरदान ठेवलं. इथपर्यंत ठीक. पण ह्यानं मले न विचारता चौकात फ्लेक्स लावला! मोठा. निळ्या पाठीवर माहा पांढऱ्या साडीतला हात जोडलेला फोटो, अन् खाली काय लिहिलं? "समता प्रेमानंद तायडे. पाच वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त वंदना व खीरदान." बस्स. कॅन्सर हा शब्द चौकात कसा लिहावा, वहिनीले बरं नाही वाटणार, म्हणून भाऊसाहेबानं तो खाऊन टाकला.

आता सांग, असा फ्लेक्स कोणाचा असते? मेलेल्या माणसाचा! बुधवारी सकाळपासून लोक तोंड पाडून येऊन राह्यले. मलकापूरकडची आमची लांबची नणंद विमलबाई तर दारातूनच रडत आली, ह्यांच्या गळ्यात पडली अन् म्हणते, "दादा, पाच वर्षं झाली वहिनी जाऊन अन् आमाले कोणी कळवलंबी नाही!" मी मागं खिरीत पळी फिरवून राह्यली होती. मी म्हटलं, "बाई, अगोदर पाणी घ्या." ती अशी किंचाळली की टिकली पलंगाखाली जाऊन बसली. मग अर्धा तास सगळे हसतच होते. विमलबाईनं संघपालले चांगलं फैलावर घेतलं अन् दोन वाट्या खीर खाऊन गेली.

मीही हसली, छाया. लय हसली. पण माहं ध्यान तिथं नव्हतं.

थांब, दारावर कोणीतरी आलं.

गिऱ्हाईक होतं. ब्लाऊज परत घेऊन आली. मी उजवी बाही डावीकडं जोडून दिली होती. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. तिनं विचारलं, "बरं नाही काय ताई?" मी म्हटलं, बरं आहे, मले काय धाड भरली? मलेच पाच वर्षं पूर्ण झाली ना. शिलाई उसवून ठेवली, पण मशीनवर बसवत नाही. घरात येरझारा घालून राह्यली अन् टिकली माह्या मागं मागं. मी मोरीत गेली की ती मोरीच्या दारात. ती तवापासूनच तशी आहे.

तुले मी वार्डात सांगतलं होतं ना, ती कशी आली ते? पहिल्या औषधानंतर मी घरी परतली तेव्हा ओसरीवर बसलेलं ते मरतुकडं पिल्लू. त्या करोनाच्या दिवसात कोणी कोणाच्या दारात येत नव्हतं, अन् माह्या घरी तर नाहीच नाही. उलट्या करून मी मोरीतच बसून राहो, तर हे पिल्लू येऊन माह्या मांडीले पाठ लावून बसे. डोक्यावरचा रुमाल मी ह्यांच्यासमोर कधी काढला नाही, मले लाज वाटे. टिकलीसमोर काढला. तिनं टक्कल चाटलं अन् निवांत झोपून गेली. लय दिवसांनी मीही झोपली त्या दिवशी. हे जवळच होते, करतच होते सगळं, पण त्यांच्या डोळ्यात भेव दिसे मले. कुत्रीच्या डोळ्यात काही दिसत नसे, भाकरीशिवाय.

अन् तू! नातेवाईकाले आत सोडत नव्हते तेव्हा संभाजीनगरच्या त्या वार्डात दोघी पलंगाले पलंग लावून पडलो होतो. मी रडे, तू गाईले फोन लावस. सासूले सांगस, "आत्या, फोन तांबूच्या कानाले लावा," अन् मग इकडून "तांबू, खाल्लं का गं? मी येते हं" असं मोठ्यानं. साऱ्या वार्डाले हसू. ती जाड नर्स म्हणे, गाय काय बोलली? तू म्हणस, हंबरली, ऐकलं मी. एकदा औषध चढत नव्हतं, नस सापडत नव्हती, दोन्ही हात निळे झाले होते तुहे. तेव्हा तू कोणाचंच नाव घेतलं नाहीस. घरी जाऊन तांबूची धार काढायची आहे, एवढंच म्हणत होतीस. घरी गेलीसही अन् काढलीसही.

म्हणून मले इतका राग येऊन राह्यला.

आता लपवत नाही. बुधवारी सकाळी, खिरीचं दूध तापत होतं तेव्हा, तुह्या शेखरचा पुण्याहून फोन आला. मले वाटलं पोरगं अभिनंदन करते. ते म्हणालं, "मावशी, आईला तुम्हीच समजवा. तपासणीत पुन्हा दिसलंय. डॉक्टर म्हणाले, लगेच सुरू केलं तर हातात आहे, पण थांबू नका. आणि ही म्हणते, गाय व्यायला टेकलीय, ती व्याली की जाईन. अशा वेळी घर कसं सोडू म्हणते. मी तरी काय बोलणार?"

दूध उतू गेलं.

गाय व्यायला टेकली म्हटल्यावर कोण बाईले घराबाहेर काढील? पोरगं पुण्यात, त्याले वाटलं खरंच असंल. सासूबाईलेही तू गप्प केलंस वाटते. पण छाये, तांबू पोळ्याच्या आदल्या दिवशीच व्याली! तूच मले व्हिडिओ धाडला होतास, कपाळावर पांढरा चट्टा असलेली कालवड, अन् मागून तुहाच आवाज, "पाहा पाहा, उठली गं माझी बाई!" चिकाचा खरवस केला म्हणून वाटीचा फोटोही धाडलास. तो व्हिडिओ मी टिकलीले दाखवला होता.

मी शेखरले सांगतलं नाही. जिभेवर आलं होतं. मग वाटलं, तुहं खोटं मी उघडं करणारी कोण? तवापासून मले ना भाकर गोड लागे ना काम सुचे. रोज वाटते आज सांगते, फोन हातात घेते अन् ठेवून देते. तुह्या बाजूनं गप्प बसली, की तुह्यावर उलटली, हेच मले समजून नाही राह्यलं.

तू भेली आहेस. मले माहीत आहे ना ते. त्या नळ्या, तो वास, तोंडाले आलेले फोड, उशीवर सापडणारे केस. एकदा केलं, पुन्हा काऊन करू, असंच म्हणत असशील ना मनात? तुले तसं म्हणायचा हक्क आहे. पण मग तसं म्हण. माह्या तोंडावर म्हण, लेकाले म्हण. तांबूले काऊन मधात घेतेस? जिच्यापायी तू जगलीस तिचंच नाव सांगून तू मरायले बसलीस. लिहिलं बघ मी. लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

आजारी माणसावर कोणी असं रागावते काय, पण मी रागावली आहो. मले पौर्णिमेले सगळे म्हणले, सुटलीस समता. मी सुटली नाही. आपण दोघी संगंच आत गेलो होतो.

मंगळवारी मी येते. पहाटेच्या गाडीनं बुलढाणा, तिथून चिखली, दुपारपर्यंत तुह्या दारात. टिकलीले ह्यांच्याजवळ ठेवते. पिशवीत दोघींचे कपडे पुरतील एवढी जागा ठेवली आहे. कौशल्याबाईले सांग, माह्यासाठी भाकर थापा, अन् धारेचं शेजारच्या कोणाले तरी सांगून ठेवा.

आल्याबरोबर मी शेखरले फोन लावीन अन् तुह्या हातात देईन. गाय व्याली, हे तू सांगायचं. तू नाही सांगतलंस तर तिथंच उभी राहून मी सांगीन. मग तुले माहा राग येईल, येऊ दे. जन्मभर बोलू नको माह्याशी, चालते मले.

फक्त तो जन्म मोठा पाहिजे, छाये.

तुह्या दाराकडं निघालेली,
समता