केन्याची भाजी

माय, आज केन्याची भाजी केली. मूगडाळ भिजवून, लसूण ठेचून, तू करायचीस तशी. तुझ्यासारखी झाली नाही, पण वास तोच आला आणि मी ओट्याला टेकून उभी राहिले. आता मलाही लवकर थकवा येतो.

पिशोरच्या शिवारात तू कपाशी खुरपायला जायचीस. बाकीच्या बाया केना उपटून बांधावर फेकायच्या, तू मात्र कोवळे शेंडे खुडून पदरात बांधायचीस. तेही सकाळीच, निळी फुलं उघडी असताना, कारण दुपारी ती मिटतात. एकदा शाळेच्या डब्यातली ती भाजी मी तशीच परत आणली. "हे तण आहे, मुली हसतात," म्हणाले. तू भडकलीस. "तण कुणाला म्हनतीस? त्याच्यावरच वाढलीस तू." दुसऱ्या दिवशी त्याच पानांची भजी डब्यात दिलीस. ती हसणाऱ्या मुलींनीच संपवली.

शेवटच्या पावसाळ्यात तू शहरात माझ्याकडं होतीस, तिसऱ्या मजल्यावर, अंथरुणाला खिळलेली. जेवण जात नव्हतं. मी ऑफिसातून येऊन चपला काढतेय तोच म्हणालीस, "केना आन की गं जरासा. तोंडाला चव यील." मी म्हणाले, "आता कुठं मिळतो केना? सगळे तणाचं औषध मारतात. गुलमंडीच्या बाजारातसुद्धा पाहिलं." तुला लगेच पटलं. "व्हय, मारतेत समदे. ऱ्हाऊ दे, तूच लई दमलीस." नंतर तू कधी मागितला नाहीस.

गुलमंडीत मी गेलेच नव्हते. आठव्या दिवशी सकाळी तुला खाली आणलं. शववाहिका पार्किंगच्या भिंतीपाशी उभी होती आणि भिंतीच्या कडेनं केना पसरला होता, फुलं उघडी. लोकांना वाटलं, मी तुझ्यासाठी रडतेय. मला तो केना नवा नव्हता. रोज स्कूटी मी तिथंच लावायचे.

इतकी वर्षं स्वतःची समजूत घालते, नोकरी, घर, तुझं दुखणं, मी थकले होते. थकले होतेच, माय. हा कागद तुला पोचायचा नाही, घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवीन. पण आज त्याच भिंतीपाशी केना खुडला, तेव्हा घड्याळ पाहिलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.